मिग-२१ चं रात्रीचं कॉकपिट: आधी अंधार, मग दिवे

फ्लाइट सिम्युलेटरसाठी, म्हणजे संगणकावर विमान उडवायच्या सॉफ्टवेअरसाठी, विमानाचं मॉडेल बनवणारे बहुतेक जण दिव्यांचं काम शेवटाला ठेवतात. आकार झाला, रंग झाला, चाकं आत-बाहेर व्हायला लागली की पंखांच्या टोकांना एक लाल आणि एक हिरवा ठिपका लावायचा, कॉकपिटमध्ये थोडी चमक टाकायची आणि विमान झालं म्हणायचं. मला हे अजिबात पटत नाही. दिवा म्हणजे विमानाच्या वायरिंगचं डोळ्यांना दिसणारं टोक. त्याच्यामागे बॅटरी, बस (म्हणजे वीज वाटून देणारी मुख्य पट्टी), फ्यूज, स्विच ही साखळी असेल तरच तो खरा वाटतो. आणि त्या साखळीच्याही आधी अंधार बनवावा लागतो. अंधार जमला नाही तर दिवे कितीही मेहनतीने लावा, कॉकपिट दुकानाच्या शोकेससारखं दिसतं.

मी अंबड एमआयडीसीत कंट्रोल पॅनलच्या कामात आहे. नाशिक म्हटलं की लोकांना द्राक्षं आणि कुंभमेळा आठवतो, पण सातपूर-अंबड पट्ट्यात स्विचगिअर आणि पॅनल बनवणारे लहान-मोठे कारखाने भरपूर आहेत. दिवसभर माझ्या हातात लग, फेरूल, कॉन्टॅक्टर आणि २२.५ मिलिमीटरच्या भोकात बसणारे लाल-पिवळे-हिरवे इंडिकेटर असतात. रात्री जेवणं आटोपली की ब्लेंडर हे त्रिमितीय आकार बनवायचं सॉफ्टवेअर, फ्लाइटगिअर आणि त्यातलं माझं मिग-२१. फ्लाइटगिअर हा मुक्त सिम्युलेटर १९९७ पासून जगभरातली माणसं हौसेने वाढवत आली आहेत. मला तो आवडतो त्याचं कारण म्हणजे त्यात विमानाची प्रत्येक आतली किंमत उघडी असते. बसवर किती व्होल्ट आहेत, कुठला स्विच कुठल्या स्थितीत आहे, सगळं चालू उड्डाणात उघडून बघता येतं आणि बदलता येतं. पॅनलला मल्टिमीटर लावून बसायची सवय असलेल्या माणसाला यापेक्षा काय हवं?

आप्पा, म्हणजे माझे वडील, नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यातून, इलेक्ट्रिकल फिटर म्हणून निवृत्त झाले. हा कारखाना १९६४ मध्ये मिगसाठीच उभा राहिला. कामाची वाटणी अशी होती की विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. मिग-२१ ची बांधणी १९८७ मध्ये थांबली, मग मिग-२७, मग सुखोई-३०. गेल्या वर्षी दोन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं आणि १७ ऑक्टोबरला ओझरहून नाशिकमध्ये बांधलेलं पहिलं तेजस मार्क १ए उडालं. आमच्या घरात या दोन्ही दिवशी टीव्हीचा आवाज मोठा होता. माझं मिगचं मॉडेल तेव्हा सुरू होतंच, पण ते पुरं करायची निकड त्या सप्टेंबरनंतर आली.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण नेहमी विचारली जाते. ओझरचा एकही फोटो माझ्याकडे नाही. तिथे फोटो काढायचे नसतात हे आम्हाला शाळेत असल्यापासून माहीत आहे, आणि आप्पांनी कधी कागदाचा कपटासुद्धा घरी आणला नाही. माझे सगळे संदर्भ उघडे आहेत. मिग-२१ अनेक देशांनी वापरलं, त्यातल्या कितीतरी देशांच्या संग्रहालयांत ते उभं आहे, आणि पूर्व युरोपातल्या हवाई दलांच्या जुन्या उड्डाण-पुस्तिका आता कुणालाही वाचता येतात. आप्पांचं काम एवढंच, की मी केलेलं बघायचं आणि डोळ्याला खटकलं तर सांगायचं. त्यांचा डोळा खटकला की मला पुस्तिका परत उघडावी लागते.

तर अंधार.

भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो. पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास. अमावास्येला नुसत्या ताऱ्यांचा उजेड त्याच्याही शेकडो पट खाली. एवढा मोठा पल्ला आपला डोळा सांभाळतो, मॉनिटरला तो झेपत नाही. शिवाय एलसीडीचा काळा खरा काळा नसतो, मागचा दिवा थोडा झिरपतोच. म्हणून मी पहिली तपासणी अशी करते: सिम्युलेटरमध्ये अमावास्येची रात्र लावायची, विमान धावपट्टीपासून लांब उभं करायचं, बॅटरी बंद, खोलीतला दिवा बंद, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत बसून राहायचं. मगच स्क्रीनकडे बघायचं. कॉकपिटच्या काचेबाहेरचं क्षितिज पॅनलपेक्षा किंचित उजळ दिसलं पाहिजे आणि पॅनल जवळपास नाहीसं झालं पाहिजे.

बहुतेक मॉडेल इथेच अडकतात. दिवसा पॅनल जरा काळवंडलेलं वाटलं म्हणून कुणीतरी त्याला स्वतःची थोडी चमक देऊन ठेवलेली असते. दिवसा ती कळत नाही. रात्री मात्र सगळं पॅनल स्वतःहून फिकट उजळतं आणि बॅटरी काढून ठेवली तरी आकडे वाचता येतात. पूर्वी रेडियमच्या रंगाने रंगवलेल्या तबकड्या तशा चमकायच्या हे खरं, पण तिथे फक्त आकडे आणि काटे चमकायचे, त्यांच्यामागचा पत्रा नव्हे. मी माझ्या मॉडेलमधली अशी एकूण एक चमक शून्यावर आणली. त्यानंतर दिवसाचं कॉकपिट काळं वाटायला लागलं, तेव्हा त्याचा उपाय टेक्श्चरच्या, म्हणजे मॉडेलवर चढवलेल्या चित्राच्या, रंगात केला.

आता मिग-२१ च्या कॉकपिटची सगळ्यात सुंदर गोष्ट. त्याचा रंग. नंतरच्या मिग-२१ चं कॉकपिट आतून फिरोजी असतं, निळा आणि हिरवा यांच्या मधला. दिवसा डोळ्याला शांत. आणि रात्री त्याच कॉकपिटमध्ये लाल दिवे. त्याआधीच्या काही सोव्हिएत विमानांत अतिनील दिवे आणि त्या उजेडात चमकणारा रंग अशी पद्धत होती, पुढे लाल उजेड आला. लाल का, तर अंधारात बघायचं काम डोळ्यातल्या ज्या पेशी करतात त्यांना गडद लाल उजेड जवळजवळ जाणवत नाही. डोळ्याला पूर्ण अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ती मोडते. लाल उजेडात पायलट तबकड्या वाचू शकतो आणि बाहेरचा अंधारही त्याच्या हातचा जात नाही.

फिरोजी रंगावर लाल उजेड पडला की काय होतं हे मला स्क्रीनवर मांडण्याआधी प्रत्यक्ष बघायचं होतं. कारखान्यात पावडर कोटिंगच्या नमुन्याचा एक तुकडा फिरोजीच्या अगदी जवळचा मिळाला. त्यावर पांढऱ्या स्टिकरचे आकडे लावले, शेजारी लाल स्टिकरची एक पट्टी लावली आणि स्टोअर रूममध्ये दार लावून लाल एलईडी इंडिकेटर पेटवला. पत्रा गेला! म्हणजे होता, पण तपकिरी-काळ्या सावलीसारखा. पांढरे आकडे मात्र लालभडक होऊन पुढे आले. आणि लाल पट्टी पांढऱ्या आकड्यांच्या इतकी जवळ गेली की कुठली पांढरी आणि कुठली लाल हे ओळखू येईना.

एलईडीचा लाल फार शुद्ध असतो, विमानातला दिवा तापलेल्या तारेचा आणि त्यावर लाल काच. म्हणून मग २४ व्होल्टचा साधा बल्ब घेतला आणि गणपतीच्या डेकोरेशनला लागतो तो लाल जिलेटीन कागद त्यावर दुहेरी गुंडाळला. आता पत्र्यात किंचित जीव आला, कडा दिसायला लागल्या, आणि आकड्यांच्या लालमध्ये नारिंगी झाक आली. मला हवं होतं ते हेच.

हे गणितातही नीट उतरतं. माझ्या टेक्श्चरमध्ये फिरोजी रंगाची लाल किंमत २५५ पैकी ७०, हिरवी १६० आणि निळी १६० आहे. आकड्यांचा पांढरा तिन्हीत २३०. मॉनिटरचा गॅमा, म्हणजे रंगाची किंमत आणि खरा उजेड यांतला वाकडा संबंध, काढून खरा उजेड मोजला तर दिवसा पांढरा आकडा पॅनलपेक्षा पावणेतीन पट उजळ येतो. फक्त लाल उजेड टाकला तर तोच आकडा तेरा पट उजळ होतो. म्हणजे रात्री तबकडी वाचायला दिवसापेक्षा सोपी. यासाठी वेगळं 'रात्रीचं टेक्श्चर' रंगवायची काही गरज नाही. रंग खरे ठेवा, दिव्याचा रंग खरा ठेवा, बाकीचं आपोआप होतं. उलट रात्रीसाठी वेगळं चित्र रंगवणारे पॅनल सरसकट लाल करून टाकतात आणि फिरोजीची सगळी करामत वाया जाते.

लाल पट्टीचंही तसंच. धोक्याची मर्यादा दाखवणारा लाल पट्टा पांढऱ्याच्या जेमतेम पाऊणपट उजळ येतो, त्यामुळे लाल उजेडात तो पांढऱ्यात मिसळतो. कुणाला हा मॉडेलमधला दोष वाटेल, पण तो खऱ्या लाल दिव्यांचाच दोष आहे, आणि जगभर लाल दिवे मागे पडण्याचं ते एक कारण आहे. नकाशावरच्या लाल रेषाही तशाच गायब होत. पुढे अंधारात बघायच्या दुर्बिणी आल्या. त्यांना लाल आणि त्याच्या पलीकडचा उजेड फार तीव्र दिसतो, त्यामुळे त्या वापरणाऱ्या विमानांच्या कॉकपिटमध्ये मंद हिरवट उजेड आला. माझं विमान त्याच्या आधीच्या काळातलं आहे, म्हणून तो पट्टा मी मुद्दाम तसाच मिसळू दिला.

पॅनलच्या मधोमध वरून खाली एक पांढरी उभी रेघ असते. मिग-२१ ओळखणारे लोक ती लगेच दाखवतात. विमान स्पिनमध्ये गेलं, गरगरायला लागलं, तर विमान वळवायची दांडी नेमकी मध्यावर आणायची असते आणि त्या अवस्थेत मध्य कुठे आहे हे हाताला कळत नाही. डोळ्यासमोर रेघ असली की दांडी तिच्याकडे ढकलायची. माझ्या मॉडेलमध्ये लाल दिवे अगदी मंद केले तरी सगळ्यात शेवटी दिसेनाशी होते ती हीच रेघ, कारण ती पांढरी आणि रुंद आहे. आप्पांना हे फार आवडलं. दिव्याची खुंटी हळूहळू फिरवत ते बराच वेळ रेघ कधी जाते ते बघत बसले.

आता बल्बकडे येते, कारण इथे माझं पोटापाण्याचं काम आणि हा छंद एकत्र येतात.

पहिल्यांदा मी आप्पांना चालू-बंद होणारे दिवे दाखवले तेव्हा ते म्हणाले, "पोरी, हा एलईडी आहे. बल्ब असा तुटून विझत नाही." बरोबर होतं. तापलेली तार थंड व्हायला वेळ घेते. लहान इंडिकेटरला साधारण सेकंदाचा दहावा भाग, मोठ्या लँडिंग लाइटला त्याहून जास्त. आणि विझताना ती पिवळ्यातून नारिंगीत आणि मग मंद लालीत जाते. हे दाखवायला दोन ओळी पुरतात: स्विचची किंमत थेट दिव्याला न देता मध्ये एक उशीर ठेवायचा आणि रंग त्या उशिराला बांधायचा. एवढ्या छोट्या गोष्टीने कॉकपिटचं वय कळतं. धोक्याच्या दिव्यांची तपासणी करायचं बटण दाबून सोडलं की सगळे दिवे एकदम न विझता जरा रेंगाळून जातात आणि बघणाऱ्याला ते कुठल्या काळातलं विमान आहे हे न सांगता समजतं.

त्याहून महत्त्वाचं व्होल्टेज. विमानाची डीसी बस इंजिन चालू असताना २८ व्होल्टच्या आसपास असते, नुसत्या बॅटरीवर २४. फरक चार व्होल्टचा, पण तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात बदलत नाही, साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. हिशेब केला तर २८ वरून २४ ला आल्यावर उजेड जवळपास ४० टक्क्यांनी कमी होतो आणि रंग पिवळसर होतो. इंजिन सुरू करताना स्टार्टर बॅटरीतून प्रचंड प्रवाह ओढतो, तेव्हा व्होल्टेज आणखी खाली बसतं आणि सगळं कॉकपिट मंदावतं. मग जनरेटर लागला की एकदम भरून येतं. हा क्षण मॉडेलमध्ये आला तर पायलटला तबकडी न बघता कळतं की जनरेटर आला. आमच्या कारखान्यात मोठी मोटर सुरू झाली की ट्यूबलाइट डोळा मिचकावते, तेव्हा मान वर न करता सगळ्यांना समजतं ना, तसंच.

म्हणून माझ्या मॉडेलमध्ये एकही दिवा स्विचला थेट जोडलेला नाही. स्विच जोडलेला विजेच्या बसला, ती बस फ्यूजला, फ्यूज दिव्याला. दिव्याची चमक ही बसच्या व्होल्टेजवरून काढलेली. एका बसचा फ्यूज उडवला तर त्या बसवरचेच दिवे जातात, बाकीचे राहतात. कुणी विचारेल की एवढं कोण बघतं. रात्री उतरताना जनरेटर गेल्याचा सराव करणारा बघतो, आणि त्याच्यासाठीच हे केलं आहे.

कॉकपिटमधल्या उजेडाच्या सावल्यांसाठी मी लाइटमॅप वापरते. ब्लेंडरमध्ये बाकी सगळं अंधारात ठेवून एकेक दिवा पेटवायचा आणि त्याचा उजेड कुठे कुठे पडतो त्याचं चित्र काढून घ्यायचं. फ्लाइटगिअरची सोय अशी आहे की एकाच चित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या आणि पारदर्शकतेच्या थरांत चार वेगवेगळ्या दिव्यांचे उजेड साठवता येतात आणि प्रत्येकाला स्वतःचा रंग आणि स्वतःची चमक देता येते. डाव्या भिंतीवरचे दिवे, उजव्या भिंतीवरचे, पॅनलच्या वरच्या छज्ज्याखालचे आणि चौथा थर नकाशा वाचायच्या दिव्याला. बाजूने येणारा उजेड असल्यामुळे प्रत्येक खुंटीची लांबट सावली पॅनलवर पडते आणि खोल बसलेल्या तबकड्यांचा एक काठ काळा राहतो. त्या काळ्या काठाने खोली दिसते. चार सावल्या बरोबर पडल्या की आकारात बारीकसारीक राहून गेलेलं डोळा माफ करतो.

आकाराबद्दल थोडंच लिहिते, कारण त्यावर इतरांनी पुष्कळ चांगलं सांगितलं आहे. सुरुवात पायलटच्या डोळ्याच्या जागेपासून करायची. एअरबसच्या विमानांत पुढच्या काचांच्या मधल्या खांबावर लहान लाल-पांढरे गोळे असतात, ते एका रेषेत दिसेपर्यंत पायलट खुर्ची वर-खाली करतो, म्हणजे डोळा ठरल्या जागी येतो. मॉडेल करणाऱ्यानेही कॅमेरा तिथे ठेवून मगच पॅनल मांडावं. फोटोवरून माप काढताना एखादी माहीत असलेली लांबी हवी. पाश्चात्त्य विमानांत तबकडीचं ठरलेलं भोक ३⅛ इंच, म्हणजे ७९ मिलिमीटरच्या जरा वर, असतं आणि त्यावरून सगळं पॅनल उलगडता येतं. मिगमध्ये एक सांभाळायचं. त्याच्या कृत्रिम क्षितिजात, म्हणजे विमान किती कलंडलंय ते दाखवणाऱ्या तबकडीत, विमान कलंडलं की क्षितिजाची रेघ तिरकी होत नाही, मधलं छोटं विमान तिरकं होतं. दुसऱ्या विमानाची तबकडी उचलून इथे बसवली की पायलट उलट्या बाजूला दांडी मारणार.

आता बाहेरचे दिवे. डाव्या पंखावर लाल, उजव्यावर हिरवा, शेपटीला पांढरा, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. यातली खरी गंमत कोनात आहे. लाल दिवा नाकासमोरून डावीकडे ११० अंशांपर्यंतच दिसायला हवा, हिरवा उजवीकडे ११० अंशांपर्यंत, आणि उरलेले १४० अंश शेपटीच्या पांढऱ्याचे. त्यामुळे समोरच्या विमानाचे दोन्ही रंग दिसले तर ते तुमच्याकडेच येतंय, नुसता लाल दिसला तर तुमच्या उजवीकडून डावीकडे चाललंय. सगळीकडून सारखे दिसणारे ठिपके लावले की ही भाषाच नाहीशी होते.

कोनाइतकीच तीव्रता बदलते, आणि याकडे तर फारच थोडे लोक बघतात. अमेरिकन नियमांत लाल-हिरव्या दिव्यांसाठी किमान तीव्रता नाकासमोरच्या १० अंशांत ४० कँडेला आहे, १० ते २० अंशांत ३०, आणि त्यापुढे ११० पर्यंत फक्त ५. बाजूने बघताना समोरच्यापेक्षा आठपट फिका दिवा चालतो, कारण धडक समोरून होण्याचा धोका जास्त. मी हा उतार जसाच्या तसा दिव्यात घातला. विमान वळताना बघणाऱ्याला दिवा उजळत आणि मावळत जाताना दिसतो, आणि विमान वळतंय हे आकार न दिसताही समजतं.

स्ट्रोबचं, म्हणजे लखलखत चमकणाऱ्या पांढऱ्या दिव्याचं, गणित आणखी छान आहे. झेनॉनच्या नळीतला झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी टिकतो. सिम्युलेटर सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल तर एक चित्र सोळा-सतरा हजारांश सेकंद राहतं. म्हणजे खऱ्या वेळेने झोत दाखवायचा ठरवला तर तो बहुतेक वेळा दोन चित्रांच्या मध्येच हरवेल. इथे जुनी विद्या कामी येते. ब्लाँडेल आणि रे या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९११ च्या सुमारास मोजून दाखवलं की क्षणिक झोत डोळ्याला किती उजळ वाटतो ते त्याच्या एकूण उजेडावर ठरतं, जणू तो उजेड सेकंदाच्या पाचव्या भागावर पसरला आहे. मग मी झोत दोन-तीन चित्रं टिकवते आणि त्याची तीव्रता त्या हिशेबाने खाली आणते. डोळ्याला तडाखा तोच बसतो. चमकण्याचा वेग नियमाने मिनिटाला ४० ते १०० च्या मध्ये असतो. फिरत्या आरशाचे जुने लाल बीकन मात्र चढत-उतरत येतात, त्यांना स्ट्रोबसारखं फटकन लावलं की लगेच खोटं दिसतं.

हे बघायला मी गंगापूर धरणाच्या काठी जाते. शहराचा उजेड मागे राहतो आणि वरून विमानं जात असतात. एअरबस ३२० चे पंखांवरचे स्ट्रोब लागोपाठ दोनदा चमकतात, बोइंग ७३७ चे बहुतेक वेळा एकदाच, त्यामुळे आवाज येण्याआधी विमान ओळखता येतं. हिवाळ्यातल्या कोरड्या रात्री दिव्याभोवती प्रभावळ नसते. नुसता टोकदार बिंदू. सिम्युलेटरमध्ये बारा महिने प्रत्येक दिव्याला धुरकट वलय का लावतात हे मला कळत नाही. वलय हवेतल्या थेंबांमुळे येतं, म्हणून माझ्या मॉडेलमध्ये त्याचा आकार दृश्यमानतेला बांधला आहे. आभाळ स्वच्छ असेल तर जवळजवळ शून्य, आणि ढगात शिरलं की एवढं मोठं की स्ट्रोबच्या प्रत्येक झोताला आजूबाजूचा सगळा ढग पांढरा होतो. खरे पायलट ढगात स्ट्रोब बंद करतात ते याच त्रासापायी. आता सिम्युलेटरवर माझ्या भाच्यानेही न सांगता बंद करायला सुरुवात केली आहे.

सध्या काम चालू आहे ते कॅनोपीतल्या, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणातल्या, प्रतिबिंबाचं. ॲक्रिलिकच्या प्रत्येक पृष्ठावरून सरळ पडलेला साधारण चार टक्के उजेड परत येतो, म्हणजे दोन्ही मिळून आठ, आणि कोन तिरका झाला की त्याहून बराच जास्त. दिवसा याचा पत्ता लागत नाही. रात्री पॅनलवरचे दिवे वर काचेत दिसतात, आणि काचेला दोन पृष्ठं असल्यामुळे प्रत्येकाची दोन प्रतिबिंबं, किंचित सरकलेली. पायलट दिवे मंद का ठेवतो याचं हेही एक कारण, नाहीतर बाहेर बघताना ताऱ्यांमध्ये स्वतःचंच पॅनल लटकलेलं दिसतं. आमच्या पॅनलच्या दारांना मीटर दिसावा म्हणून ॲक्रिलिकची खिडकी असते, तिचा एक उरलेला तुकडा मी घरी आणला आहे. तो वाकवून, फिरोजी पत्रा आणि जिलेटीनवाला बल्ब खाली ठेवून कुठल्या कोनात किती दिसतं ते आधी मोजणार आहे. आप्पांची अट एकच आहे, की प्रतिबिंब कितीही हुबेहूब आलं तरी दिव्याची खुंटी मंद केल्यावर ते तबकड्यांच्या आधी नाहीसं झालं पाहिजे. हिशेबाने ते होतं. रविवारी पत्र्यावर बघू.